मला दिसलं, असं मी म्हणाले

ज्या खोट्याबद्दल लिहायला बसले आहे, ते बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. त्याआधी चार वर्षं मी दर रविवारी सरांकडे जात होते आणि स्वतःशी खरं कसं बोलावं याचाच अभ्यास करत होते, हे आधी सांगायला हवं. नाहीतर माझा अपराध उगाच लहान दिसेल.

आम्ही संगमेश्वराकडचे. यजमानांना सिल्वासाला प्रशासनाच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास आम्ही इथे आलो. तेव्हा गाव लहान होतं, कारखाने भराभर उभे राहत होते. मराठी बोलणारं कोणी भेटलं की बरं वाटायचं. तशातच एका शेजारणीकडून सरांचं कळलं.

सर निवृत्त ड्राफ्ट्समन होते. मधुबन धरणाच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पत्नी वारल्यावर कुडाळला परत न जाता ते गावातच टोकरखाड्याला दोन खोल्या घेऊन राहिले. तिथे रविवारी सकाळी आठ वाजता दहा-बारा माणसं चटईवर बसत. भिंतीवर कुणाचा फोटो नाही, उदबत्ती नाही, हार नाही. सरांना तरुणपणी कुणीतरी ही विद्या दिली होती. कुणी, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. माणूस म्हणजे नुसता देह नाही, देहामागे मनाचे थर आहेत, आणि आपण मनात जे बाळगतो ते दुसऱ्यापर्यंत पोचतं, म्हणून ते जबाबदारीनं बाळगायचं, असं त्यांचं सांगणं. त्यासाठी एक साधा अभ्यास होता. झोपण्यापूर्वी दिवस उलटा वाचायचा. म्हणजे शेवटच्या कामापासून सुरुवात करून सकाळपर्यंत मागे जायचं, आणि जिथे चुकलं तिथे स्वतःची बाजू न घेता नुसतं बघायचं.

ऐकायला सोपं वाटतं. मला पहिले सहा महिने दुपारच्या मागे जाता येत नव्हतं. पुढे हळूहळू जमायला लागलं, आणि मुलीवर ओरडण्याची माझी सवय कुणी न सांगता कमी झाली. माझ्यापुरता त्या विद्येचा पुरावा एवढाच होता, आणि तो मला तेव्हा पुरतही होता.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही नरोली रोडला, अथालच्या अलीकडे, एक गाळा भाड्याने घेऊन माझ्या नावावर एसटीडी बूथ सुरू केला. आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा फोन खिशात नसायचा. आजूबाजूच्या चाळींत खानदेशातून कारखान्यांत कामाला आलेली माणसं राहायची. त्यांच्या गावाकडचे लोक तालुक्याच्या दुकानातून माझ्या बूथवर फोन करत, मी निरोप चिठ्ठीवर लिहून घेई आणि दुपारी चाळीत नेऊन देई. म्हणजे कुणाच्या घरी काय घडलं, हे त्या घरातल्या माणसाआधी मला कळायचं. तेव्हा यात काही धोका आहे असं मनातही आलं नव्हतं.

अथालच्या चाळीत शहाद्याकडची एक बाई राहत होती. वय पंचवीसच्या आसपास, नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात, दोन लहान मुलं. निरोप देता देता तिची-माझी ओळख वाढली. मला ताई म्हणायची. एका रविवारी मी तिला सरांकडे घेऊन गेले. तिला ते आवडलं. "ताई, इथं कोणी काही मागत नाही ना, म्हणून बरं वाटतं," असं म्हणाली होती.

त्याच दिवसांत सरांकडची माणसं कमी होऊ लागली. दहाची सात झाली, सातांची पाच. पाचांत एक कारखान्यातले फोरमन होते, नाशिककडचे, मनानं सरळ पण उतावळे. एका रविवारी ध्यान संपल्यावर ते म्हणाले, "सर, राग मानू नका. चार वर्षं बसतोय. एक ठिणगीसुद्धा दिसली नाही. वापीला एक महाराज येतात, ते समोरच्याच्या घरात काय चाललंय ते बसल्या जागी सांगतात. तुम्हाला काही दिसतं का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग हे खरं आहे हे कशावरून मानायचं?"

"दिसणाऱ्याला दिसलं म्हणून त्याचं शिकवणं खरं ठरत नाही. एखाद्याची नजर तेज असते, तसं असेल ते. तेज नजरेचा माणूस चोरही असू शकतो. मी सांगितलेलं करून बघा. तुमच्यात काही बदललं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या."

"मग पुढच्या रविवारपासून मी वापीला जातो."

"जा," सर म्हणाले, आणि चटईची सुटलेली काडी बोटानं आत खोचत राहिले.

मला त्या बोटांकडे बघवेना. माझ्या पर्समध्ये तेव्हा एक चिठ्ठी होती. रविवारी दर कमी असतात म्हणून मी सकाळी लवकर बूथ उघडत असे. साडेसातला शहाद्याहून फोन आला होता, की त्या बाईच्या थोरल्या बहिणीला तीन किलोचा मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. त्या बहिणीची तीन बाळंतपणं आधी वाया गेली होती. बाई सरांकडे येणारच होती, म्हणून चिठ्ठी तिथेच द्यावी असं ठरवून मी ती बरोबर आणली होती.

आणि मी म्हणाले, "सर, बोलू का? मला आज ध्यानात दिसलं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या घरी पाळणा हलतोय. मुलगा आहे. चांगला तीन किलोचा."

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मी सरांसाठी बोलले, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. त्या पाच माणसांच्या नजरा माझ्याकडे वळल्या तेव्हा मला जे वाटलं, ते सरांसाठी नव्हतं.

आता चिठ्ठी देता येईना. घरी येऊन ती फाडली, अकरा वाजता चाळीत गेले आणि "आत्ताच फोन आला," असं सांगितलं. ती माझ्या पायाच पडली. मी तिला उठवलंदेखील नाही, इतकी मी गोंधळून गेले होते.

पुढच्या रविवारी फोरमन वापीला गेले नाहीत. उलट बरोबर तिघांना घेऊन आले. महिन्याभरात चटई पुरेना, शेजारून सतरंजी आणावी लागली. एका गुजराती शेजारणीनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "बेन, तमने देखाय छे?" तुम्हाला खरंच दिसतं का, असं. सरांनी मला बाजूला घेऊन एकदाच विचारलं, "वहिनी, जे सांगितलंत ते खरंच दिसलं होतं?"

"हो सर."

"मग विसरून जा. पुन्हा दिसलं तरी सांगू नका."

मी मान डोलावली. पण वर्षभरात आणखी तीनदा मला 'दिसलं'. तिन्ही वेळा निरोप बूथवर आधी आलेला होता. एकाला नोकरीचा कॉल, एकाच्या भावाचं लग्न ठरलं, एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. सगळ्या आनंदाच्याच गोष्टी. कुणाचं काय बिघडलं, असं मी मनाशी म्हणायचे. दिवस उलटा वाचताना त्या जागी आले की पान दुमडून पुढे जायचे.

मग तो गुरुवार आला. दुपारची वेळ, बूथवर दोन-तीन माणसं नंबर लागायची वाट बघत होती. ती बाई हातात आंतरदेशीय पत्र घेऊन आली. भावाचं पत्र होतं, पोचायला सहा दिवस लागलेले. आईचा ताप उतरत नाही, येऊन भेटून जा, असं लिहिलं होतं.

"ताई, यांना कंपनी रविवारशिवाय सोडत नाही. रविवारी सगळे मिळून जाऊ म्हणतात. पण माय जास्त असली तर मी पोरांना घेऊन आत्ताच निघते. वापीहून उधना, उधन्याहून भुसावळकडची गाडी, जाईन मी एकटी." ती मीटरच्या टेबलावर हात टेकून उभी होती. "तुम्ही बघून सांगा ना."

तिच्या गावात फोन नव्हता. शहाद्याच्या ज्या दुकानातून भाऊ फोन करायचा, तिथे मला लावता आला असता. दुकानदार गावात निरोप धाडून संध्याकाळपर्यंत कळवू शकला असता. तेवढं करायला मला काहीच जड नव्हतं. "मला काही दिसत नाही गं, तू आपली नीघ," असंही म्हणता आलं असतं. पण नंबरची वाट बघणारी ती माणसं माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले. या वेळी माझ्याकडे कुठलाच निरोप नव्हता.

"अंगणात बसलीय," मी म्हणाले. "हातात तांब्या आहे. बरी दिसतेय."

तिचा चेहरा एकदम सैल पडला. "मग रविवारीच जाऊ," म्हणाली, आणि पत्र घडी करून पोलक्यात खोचून गेली.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. तिच्या भावाचा आवाज मी ओळखत होते. "बहिणीला सांगा, माय गेली पहाटे. दोन दिवस तिचंच नाव घेत होती. दाराकडे बघत होती सारखी. आम्ही काही माती थांबवणार नाही आता, पण तिला पाठवा."

मी बूथ तसाच उघडा टाकून निघाले. चाळीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. ती नळावर होती. मला बघूनच तिनं कळशी खाली ठेवली. मी तिला "माय गेली" एवढंच सांगितलं. दोन दिवस नाव घेत होती, दाराकडे बघत होती, हे गिळलं.

ती खूप रडली. चाळीतल्या बायका जमल्या, नवऱ्याला बोलवायला कुणी कारखान्यात गेलं. मग जरा शांत झाल्यावर तिनं माझा हात धरला. "तुम्ही पाहिली तेव्हा बसली होती ना ताई? अंगणात? बरी होती ना?"

मी म्हणाले, "हो."

"तेवढंच समाधान," ती म्हणाली.

तिनं मला तिथे चार शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर तिची ऋणी राहिले असते. ती माझ्या खोट्याला धरून उभी होती, आणि मी ते तिच्या हाताखालून काढूही शकत नव्हते, ठेवूही शकत नव्हते.

त्या रविवारी मी सरांकडे गेले नाही. सोमवारी सकाळी गेले. ते दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पर्समधल्या चिठ्ठीपासून सुरुवात केली. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," ते म्हणाले. "पाळणा दिसला म्हणालात, ठीक. पण वहिनी, ध्यानात वजनकाटा कुठून आला? तीन किलो म्हणालात तुम्ही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. मला आणखी खोदता आलं असतं. नाही खोदलं." ते रस्त्याकडे बघत होते. "खोली भरली होती. मलाही ते आवडलं. चमत्कारानं काही सिद्ध होत नाही म्हणून सांगत राहिलो, आणि चमत्कारानं आलेली माणसं मोजत राहिलो."

मला वाटलं होतं, ते मला रागावतील आणि माझं ओझं थोडं हलकं होईल. तसं झालं नाही. तिथे आम्ही दोघं अपराधी बसलो होतो.

"आता काय करू?" मी विचारलं.

"तिला सांगा. मग सगळ्यांना. पण आधी तिला."

ती तेरावा उरकून परतली, त्यानंतर चार दिवस मी टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी गेले. मुलं शाळेत होती. मी सांगत असताना ती एका जागी बसून ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "तांब्या?"

"मनानं सांगितला."

"म्हणजे गुरुवारी निघाले असते तर शुक्रवारी दुपारी पोचले असते."

"हो."

"माझ्या घरातून जा, ताई." आवाज चढवलासुद्धा नाही. मी उठले. त्या दिवसापासून फोन करायला ती लांबच्या दुसऱ्या बूथवर जाऊ लागली. पोरांना हाताला धरून उन्हातून माझ्या दारावरून जायची, पण आत बघायची नाही.

पुढच्या रविवारी सरांकडे सगळ्यांसमोर बोलले. पंचवीस-तीस माणसं असतील. ती नव्हती. फोरमन ताडकन उठले. "म्हणजे हे सगळंच खोटं!"

सर म्हणाले, "यांचं दिसणं खोटं होतं. तुम्ही मागच्या महिन्यात सांगितलंत, की दिवस उलटा वाचताना हाताखालच्या माणसावर काढलेला राग दिसला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्याशी जाऊन बोललात. ते खोटं होतं का?"

"ते वेगळं."

"मी सहा वर्षं तेवढंच शिकवतोय. दुसरं काहीच नाही माझ्याकडे."

"मग दिसणं महत्त्वाचं नव्हतं तर या बाई सांगत होत्या तेव्हा चालू कसं दिलंत?"

फोरमन चपला घालून गेले, त्यांच्यामागे बाकीचेही. मला त्यांचा राग आला नाही. ज्याला आपण खिडकीतून आत घेतलं, तो खिडकीतूनच बाहेर जाणार. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे एक वयस्क बाई जाताना माझ्या पाया पडून म्हणाल्या, "शक्ती लपवावी लागते, समजतं हो मला." त्यांना मी किती वेळा सांगितलं, चिठ्ठी होती, फोन आला होता. त्या नुसत्या हसत होत्या. अजूनही कुठेतरी त्या मला सिद्ध बाई समजत असतील.

आम्ही चौघं उरलो. सर त्यानंतर तीन-चार वर्षं शिकवत राहिले, आणि मग तब्येत खालावली तेव्हा कुडाळला बहिणीकडे गेले. निरोप घेताना ते मला म्हणाले, "अभ्यास सोडू नका. स्वतःला शिक्षा म्हणून सोडाल, तर तोही एक देखावाच होईल." मी सोडला नाही. पण पूर्वीसारखा तो मला शांत करत नाही.

ती बाई मला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दादऱ्याला भेटली, वनगंगेच्या बागेत. मी मुलीच्या सासरच्या पाहुण्यांना तळं दाखवायला नेलं होतं. ती एका बाकावर बसली होती, तिची मुलं होडीत होती. मी पुढे जावं की नाही ते मला कळेना. तिनंच बाकावर सरकून जागा केली.

थोडा वेळ आम्ही मुलांबद्दल बोललो. मग मी सर कुडाळला गेल्याचं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी जायची त्यांच्याकडे. रविवारी नाही, मधल्या वारी. तुम्ही नसायचात तेव्हा."

मला हे ठाऊक नव्हतं. सर कधी बोलले नव्हते.

"पहिले वाटलं, सगळं सोडून द्यावं," ती म्हणाली. "मग वाटलं, खोटं तुम्ही बोललात. सर तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, काही दिसत नाही म्हणून. ते मी ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. अजून बसते मी रोज. माझं त्यानं चांगलं झालंय."

मला किती हायसं वाटलं ते सांगायला लाज वाटते. आणि त्या हायसं वाटण्यात मी विचारून बसले, "पण पहिल्या वेळी मी ते पाळण्याचं बोलले नसते, तर तू टिकली असतीस का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही अजून स्वतःसाठीच काहीतरी शोधताय यात."

ती पुढे म्हणाली, "एक विचारते. माझा भाऊ त्या दिवशी फोनवर काय बोलला होता? सगळं सांगा."

मी सांगितलं. दोन दिवस नाव घेत होती. दाराकडे बघत होती. चाळीत तिला सगळं कबूल केलं तेव्हाही मी हे सांगितलं नव्हतं.

"भावानं मला तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं."

"मला माफ कर," असं मी त्यानंतर म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते मला ठरवता आलं नाही. तेवढ्यात होडी काठाला लागली. मुलं ओली होऊन धावत आली, आणि ती त्यांचे केस पदरानं पुसू लागली. धाकट्यानं मला विचारलं, "तुम्ही कोण?" तिनंच उत्तर दिलं, "आपल्या बाजूला राहायच्या पूर्वी." मग सर्वांना घेऊन ती फाटकाकडे गेली. आमचे पाहुणे तळ्याच्या पलीकडून मला हाका मारत होते.